डावऱ्याच्या आईची खिडकी

काचवाल्याला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. खिडकी फुटली, दुकानाचं शोकेस तडकलं, न्हाणीघरातला आरसा निसटून पडला, की लोक म्हणत, "काचवाल्याला बोलवा." बायकोसुद्धा रागावली की "अहो काचवाले, जेवायला येताय ना?" असं विचारायची. माणूस सडपातळ, बेताचं बोलणारा. मोठी काच दोन हातांत उभी धरून जिना चढताना तो जसा श्वास आवरून चालायचा, तसाच एरवीही चालायचा. कुणाला धक्का लागू नये, आपल्यालाही कुणाचा लागू नये.

हा सगळा सांभाळून वागण्याचा कारभार फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी मात्र गुंडाळून ठेवला जायचा. विटकरी रंगाचा जुना टीशर्ट घालून तो घराबाहेर पडला, की बायको म्हणायची, "निघालं वेगळंच माणूस!" मैदानावर तो शिट्ट्या मारायचा, पंचाच्या सात पिढ्या काढायचा, ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांच्या गळ्यात पडायचा. हे वेड वडिलांचं. वडील पंपाच्या कारखान्यात फिटर होते आणि दोन्ही मुलांना चालता येऊ लागल्यापासून मैदानावर न्यायचे. थोरल्याला एका खांद्यावर, धाकट्याला दुसऱ्या. पुढे थोरला इतका आडदांड झाला की तोच वडिलांना गर्दीतून वाट काढून द्यायचा. तो शीतगोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. आठवडाभर बर्फासारख्या थंडीत, जाडजूड कोटात, कुणाशी न बोलता काम. सगळं बोलणं तो मैदानासाठी साठवून ठेवायचा.

खूप वर्षं शहराची टीम अशीतशीच होती. तिच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती, त्यामुळे कुणाचा अपेक्षाभंगही होत नव्हता. हरलो तर हरलो, घरी येऊन जेवायचं. मग एक बरा कोच आला, चार धडपडी पोरं मिळाली आणि टीम पहिल्यांदा फायनलला गेली. तिथे हरली. त्या वेळी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यांदा जादा वेळेत शेवटच्या क्षणी गोल खाल्ला. ती मॅच वडिलांनी दवाखान्यातल्या टीव्हीवर पाहिली. नळ्या लावलेल्या हाताने त्यांनी थोरल्याचा हात घट्ट धरला होता. म्हणाले, "एवढं वर्ष काढतो मी." त्यांच्याच्याने ते निघालं नाही. तिसऱ्यांदा तर पहिल्या अर्ध्या तासातच तीन गोल खाल्ले. पाणी विकणारासुद्धा आपली टोपली उचलून निघून गेला.

प्रत्येक वेळी थोरला काहीतरी गमावून परत यायचा. पहिल्या खेपेला आवाज बसला. दुसऱ्या खेपेनंतर तो आठवडाभर जेवला नाही नीट. तिसऱ्या खेपेनंतर त्याने घरातला रेडिओ भिंतीवर फेकला आणि वहिनी माहेरी निघून गेली. काचवाला जाऊन तिला समजावून घेऊन आला. येताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे माझ्यावर हात उचलत नाहीत हो. पण घरात बसले की वाटतं, छत अंगावर येतंय."  काचवाल्याच्या स्वतःच्या घरातही त्या आठवड्यात फारसं कुणी बोललं नव्हतं.

आणि आता चौथी फायनल.

या वेळी टीममध्ये डावऱ्या होता. पलीकडच्या गल्लीतला. लहानपणापासून सगळं डाव्या पायाने करणारा, म्हणून डावऱ्या. त्याची आई शिवणकाम करायची. कपडे लहान-मोठे करणं, चेन बसवणं, पडदे शिवणं. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, आणि तो सतत रस्त्यावर चेंडू बडवणारा. काचवाल्याच्या दुकानाच्या शटरवर त्याने इतके चेंडू मारले होते की खालच्या पट्ट्या आत वाकल्या होत्या, आणि गल्लीतल्या खिडक्याही त्याच्या तावडीतून सुटल्या नव्हत्या. "माझ्या धंद्याला पहिला हातभार त्यानेच लावला," असं काचवाला कौतुकाने सांगायचा. त्या वर्षी डावऱ्याने गोलांचा पाऊस पाडला. केशकर्तनालयात त्याचा फोटो लागला. त्याच्या आईकडे लोक उगाचच पँट आखूड करायला घेऊन जायला लागले, म्हणजे तेवढ्यात दोन शब्द बोलता येतील. थोरलाही त्यातलाच. "ताई, पोरगं सोनं आहे तुमचं," असं म्हणत त्यानेही एक पँट तिच्याकडे टाकली होती.

फायनल दुपारची होती, नदीपलीकडच्या मोठ्या स्टेडियमवर. अर्धं शहर तिकडे लोटलं. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळही तशीच गेली. मग पेनल्टी. दोन्ही बाजूंचे चार-चार खेळाडू झाले, तिथेही बरोबरीच. समोरच्यांचा पाचवा आत गेला. आपला पाचवा डावऱ्या.

थोरल्याने काचवाल्याचं मनगट धरलं होतं. इतकं आवळून, की बोटांना मुंग्या आल्या. डावऱ्याने चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मागे गेला. धावला. चेंडू दांडीवरून गेला आणि मागच्या जाळीत लोकांच्या डोक्यांपाशी अडकला.

पलीकडच्या बाजूने आरोळी उठली. या बाजूला कुणी ओरडलं नाही. कुणी बसलं नाही, हललंही नाही. डावऱ्या गवतावर तोंड खाली घालून पडला होता आणि त्याला उठवायला कुणी गेलं नव्हतं. काचवाल्याला त्या क्षणी पोराची कीव यायला हवी होती. त्याला आली नाही. त्याच्या मनात एवढंच आलं: चार वेळा. आम्ही काय घोडं मारलं होतं कुणाचं?

 परतीच्या बसमधून गल्लीच्या तोंडाशी सगळे उतरले तेव्हा दिवस कलला होता, अंधारून येत होतं. घरी जायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं, म्हणून लोक घोळक्याने उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "पैसे खाल्ले असणार." दुसरा म्हणाला, "नाहीतर असा मारतो का कुणी? पोरसुद्धा मारणार नाही." तिसरा म्हणाला, "चला, त्याच्या घरी जाऊन विचारू."

बाहेरचं कुणी नव्हतं त्यात. औषधाच्या दुकानाचा मालक होता, शाळेत गणित शिकवणारे मास्तर होते, पाववाला होता. काचवाला त्यांच्याबरोबर चालू लागला. आपण दादाला आवरायला चाललोय, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

तळमजल्यावरचं घर. खिडकीत दिवा, शिवणयंत्राची सावली पडद्यावर. डावऱ्या घरी असणं शक्यच नव्हतं, टीम अजून स्टेडियमवरच होती. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी लोक त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. "बाहेर ये!" आतला दिवा विझला. तो विझला तसा जमावाला जोर आला. थोरला सगळ्यांत पुढे होता. वाकून त्याने फुटलेल्या फरशीचा तुकडा उचलला.

काचवाला त्याच्या अगदी शेजारी उभा होता. हात लांब केला असता तर दादाचं कोपर हातात आलं असतं. दादाचा हात वर जाताना त्याने पाहिला, मागे गेलेला पाहिला. त्याने हात लांब केला नाही. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला समजावत राहिला की सगळं फार पटकन झालं. पण पटकन काही झालं नव्हतं. त्या क्षणी ती काच फुटावी असं त्यालाही वाटलं होतं. ज्याने उभा जन्म काचा बसवल्या, त्याला.

काच फुटली. मग सगळ्यांच्याच हातांना वाचा फुटली. दुसरी खिडकी गेली, दारावरची काचेची पट्टी गेली. आतून एकदा, बारीक, काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्या आवाजाने लोक भानावर आले आणि पांगले. मास्तर तर जवळजवळ पळतच गेले.

सकाळी काचवाला दुकानात एका चौकटीवरची, काच धरून ठेवणारी जुनी पुट्टी खरवडत बसला होता, तेवढ्यात फोन आला.

"भाऊ, मी शिवणवाली बोलतेय. तीन काचा गेल्यात. आज येता का?"

"येतो," तो म्हणाला. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

खोली लहानशी. एका भिंतीला यंत्र, त्याच्याशेजारी कापायचं टेबल, कोपऱ्यात गिऱ्हाइकांचे कपडे घडी घालून ठेवलेले. प्रत्येक घडीवर टाचणीने लावलेली चिठ्ठी. तिने रात्रीच काचा झाडून एका पत्र्याच्या डब्यात भरल्या होत्या. तरी यंत्राच्या पायडलखाली, दोऱ्याच्या रिळांमध्ये, बारीक चुरा चमकत होता. तिच्या तळहाताला पट्टी होती.

"लागलं?" काचवाल्याने विचारलं.

"झाडताना. माझीच चूक, घाई केली."

त्याने काम सुरू केलं. चौकटीत उरलेले काचेचे दात पकडीने एकेक करून काढले. जुनी पुट्टी छिन्नीने उकरली. माप घेतलं. बाहेर ओट्यावर काच ठेवून तिच्यावरून कटर ओढला, मग कडेवर हलकेच दाबली. नेहमी एका दाबात तुटणारी काच त्या दिवशी वाकडी तुटली. दुसरी घेतली. तीही. त्याने हात पँटला पुसले आणि तिसरी घेतली.

"चहा ठेवू?" तिने आतून विचारलं.

"नको, ताई."

तरी तिने ठेवला. कप त्याच्या हातात देऊन ती टेबलापाशी बसली. म्हणाली, "रात्री पोराचा फोन आला होता. मी सांगितलं, इकडे सगळं ठीक आहे. तो म्हणाला, आई, मला घरी यायची लाज वाटते. मी म्हटलं, घरी यायला कसली लाज?" तिने टेबलावरची एक टाचणी उचलून बाजूला ठेवली. "आता वाटतं, येऊ नकोस असंच म्हणायला हवं होतं."

काचवाल्याने कप खाली ठेवला.

"भाऊ, वीस वर्षं मी या गल्लीची मापं घेतेय. कुणाची कंबर किती, कुणाचा एक खांदा उतरता, सगळं ठाऊक आहे मला. आवाज ओळखू येणार नाहीत होय?" तिचा स्वर चढला नव्हता. "तुमच्या दादांचा आवाज पहिला होता."

त्याने मान खाली घातली.

"तुम्ही होतात?"

"होतो."

"ओरडलात?"

"नाही." मग त्याला ते पुरेसं वाटलं नाही. "पण थांबवलंही नाही."

 ती आता शिव्या देईल, हाकलून देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती उठली, यंत्रावरचा कपडा झटकला आणि म्हणाली, "दाराची पट्टी आधी बसवा. वारा येतोय."

संध्याकाळी तो थोरल्याकडे गेला. थोरला स्वयंपाकघरात पाटावर बसून बुटाला पॉलिश करत होता. एकच बूट, पुन्हा पुन्हा. वहिनीने डोळ्यांनीच खुणावलं: सकाळपासून हेच चाललंय.

"दादा, तिने तुला ओळखलंय. चल माझ्याबरोबर. दोन शब्द बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"चुकलं म्हण."

थोरल्याने ब्रश आपटला. "माझं चुकलं? आणि त्याचं? चार वेळा, समजलं? चार वेळा! बाबा त्या खाटेवर पडून काय म्हणाले होते, तू ऐकलं होतंस ना? ते असेच गेले. मीही असाच जाणार. दिवसभर मी त्या थंडीत खोकी उचलतो, कुणी माझ्याशी बोलत नाही, मी कुणाशी नाही. एक ती टीम होती. बाकी काय आहे माझ्याकडे? सांग ना. काय आहे?"

वहिनी तिथेच, चुलीपाशी उभी होती. तिने तोंड फिरवलं. थोरल्याच्या लक्षात आलं, पण बोललेलं मागे घेता येण्यासारखं नव्हतं.  मग हातातला बूट तसाच धरून रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, आणि आवाज न करता. काचवाल्याने त्याला याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. जवळ जावं की न जावं, हे त्याला कळेना. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

चार दिवसांनी थोरला आपण होऊन तयार झाला. अंघोळ करून, भांग पाडून आला. वाटेत काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं. काचवाल्याला दोनदा म्हणूनही दाखवलं, "ताई, मी डोक्यात राख घालून घेतली होती, मला माफ करा." ठीक होतं ते.

तिने दार उघडलं. थोरल्याने तोंड उघडलं. त्याने एकदा नव्या काचेकडे पाहिलं, एकदा तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे. "ताई," एवढंच म्हणाला. पुढे काही येईना. काचवाल्याला वाटलं आपणच बोलावं, पण ते आपलं बोलणं नव्हतं.

ती आत गेली. कोपऱ्यातल्या घड्यांमधून एक काढून घेऊन आली.

"तुमची पँट," ती म्हणाली. "दोन बोटं आखूड केलीय. घालून बघा, नाही बसली तर आणा."

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

थोरला ती पँट दोन्ही हातांत धरून ओट्यावर उभा राहिला. घरी येईपर्यंत त्याने ती तशीच धरली होती. ती त्याने पुढे कधी घातली नाही, असं वहिनी सांगत होती. टाकूनही दिली नाही. त्याने पुन्हा तिच्या दारात जायचं धाडस केलं नाही. गल्लीत ती समोरून आली तर तो रस्ता ओलांडायचा. काचवाला मात्र ओलांडू शकत नव्हता. "बरं आहे ना, ताई?" असं विचारायचा आणि ती म्हणायची, "बरं आहे." यापलीकडे त्यांचं बोलणं गेलं नाही.

डावऱ्या घरी आलाच नाही. क्लबने त्याला दूरच्या एका लहान टीमला देऊन टाकलं. तिथे तो बाकावरच बसून असतो, असं कुणीतरी वाचलं होतं. केशकर्तनालयातला फोटो भिंतीवरून उतरवला गेला. मास्तर, पाववाला, औषधवाला, सगळे आपापल्या कामाला लागले. त्या संध्याकाळचा विषय निघाला की प्रत्येक जण म्हणायचा, मी मागे होतो, मला दिसलं नाही.

काचवाल्याने ठरवलं, आता पुरे. टीशर्ट बायकोकडे दिला आणि म्हणाला, "फडकी कर याची." बायकोने तो धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. तिला नवरा माहीत होता.

नवा मोसम सुरू झाला. पहिले काही सामने तो गेला नाही. दुकानात रेडिओ लावत नव्हता. पण शेजारच्या दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता, आणि त्या वेळी नेमका तो कटर खाली ठेवून बसायचा. मोसम अर्धा झाला तेव्हा तो पुन्हा मैदानावर होता, दादाच्या शेजारी. आपल्याला लाज कशी वाटत नाही, याची त्याला लाज वाटायची, पण पाय घरी थांबत नव्हते.

टीम पाचव्यांदा फायनलला गेली.

या वेळी कुणी खराब खेळलं नाही. तेच सांगायला अवघड आहे. अकराच्या अकरा जण जीव तोडून खेळले. दोन वेळा चेंडू खांबाला लागून परत आला. समोरच्यांनी एकदा दुरून मारलेला साधा फटका आपल्याच एका खेळाडूच्या पाठीला लागला, वळला आणि गोलकीपर दुसऱ्या बाजूला झेपावलेला असताना आत गेला. ज्याच्या पाठीला लागला तो तर चेंडू अडवायलाच धावला होता. पंचाने सगळे निर्णय बरोबर दिले. एक-शून्य. शिट्टी वाजली.

काचवाला वाट बघत होता. आता दादा उठेल, कुणाचं तरी नाव घेईल, आणि या खेपेला मी त्याचा हात धरेन. तो त्या तयारीने अंग आखडून बसला होता. पण थोरला उठला नाही. भोवतीचे लोकही ओरडले नाहीत. एकमेकांकडे न बघता, लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखे, पायऱ्या उतरून गेले.

"कुणाला शिव्या घालू?" थोरला म्हणाला. "सांग ना. कुणीतरी सांग."

काचवाल्याने मैदानाकडे पाहिलं. खेळाडू गवतावर बसले होते, काही जण एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकवून. त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्याला घेता येईना.

"कुणालाच नाही, दादा."

"मग हे जायचं कुठे?" थोरल्याने स्वतःच्या छातीवर मूठ मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काचवाल्याने ती मूठ धरली. धरून ठेवली. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

स्टेडियम रिकामं झालं. खाली झाडूवाले आले, खुर्च्यांखालच्या बाटल्या काढू लागले. एका झाडूवाल्याने वर पाहून हाक मारली, "चला साहेब, गेट लावायचंय." थोरला उठला, पण त्याचा गुडघा आखडला होता. काचवाल्याने त्याच्या काखेत हात घातला. पायऱ्या फार होत्या. प्रत्येक वळणावर थांबावं लागत होतं, आणि दर वेळी थोरला कठडा धरून एकदा मागे, मैदानाकडे बघत होता. खाली पोहोचेपर्यंत बसथांब्यावर लांबच लांब रांग लागली होती. ते दोघे शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाने सरकून थोरल्याला कठड्याशी टेकायला जागा करून दिली.